कोर्लईचा पहारेकरी

अलिबागेहून मुरुडकडे जाणारा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून चौल व रेवदंडा ही गावे ओलांडतो आणि कुंडलिका नदीच्या खाडीवरील पुलावर येतो. पुलावर येताच उजव्या हाताला, जेथे खाडी सागराला मिळते तेथे, एक लांबट डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. त्याच्या तिन्ही अंगांना पाणी असून केवळ दक्षिणेची बाजू जमिनीला चिकटलेली आहे. एखादी प्रचंड सुसर किनाऱ्यावर शेपूट ठेवून पाण्यात पहुडली असावी, तसा हा डोंगर दुरून भासतो. सुसरीच्या पाठीवर दातेरी कणा असावा, तशी त्याच्या माथ्यावर तटाची रेघ उमटलेली आहे. हाच कोर्लईचा किल्ला.

महाराष्ट्रातील इतर किल्ल्यांच्या मानाने कोर्लईची उंची अगदीच बेताची आहे. रायगडासारखे भव्य कडे येथे नाहीत, की जंजिऱ्यासारखा चहूकडून समुद्राचा वेढाही नाही. तरीही या लहानशा डोंगरासाठी राजदरबारांत खलबते झाली, परकी वकील बंदीत पडले, हजारो माणसांनी प्राण दिले आणि बलाढ्य सत्ता एकमेकींशी झुंजल्या. एवढ्याशा टेकडीचे मोल एवढे कशामुळे वाढले? या प्रश्नाचे उत्तर डोंगरावरच्या दगडांत सापडत नाही. ते डोंगराच्या पायथ्याशी, पाण्यात आहे. किल्ला वाचावयाचा असेल तर तो ज्याची राखण करीत होता त्याच्यासह वाचला पाहिजे. तिजोरी ठाऊक नसली तर पहारेकऱ्याचे महत्त्व कसे कळावे?

किल्ल्यावर जाण्याची वाट कोर्लई गावातून निघते. कोळ्यांची घरे, वाळत घातलेली मासळी, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या रंगीत होड्या यांच्या बाजूने ती डोंगराच्या पश्चिम अंगाने दीपस्तंभापर्यंत जाते. दीपस्तंभाच्या मागून पायऱ्यांचा चढ सुरू होतो. एका बाजूला डोंगराची धार आणि दुसऱ्या बाजूला खडकांवर आदळणारा अरबी समुद्र, असा हा रस्ता आहे. चढ फार मोठा नाही. परंतु वाटेत सावली जवळजवळ नसल्यामुळे उन्हाळ्यात तो बराच दमवितो. म्हणून जाणकार प्रवासी पावसाळा सरल्यानंतर, सकाळच्या प्रहरी गडावर जातात व पिण्याचे पाणी बरोबर नेतात. अशा वेळी डोंगर हिरव्या-पिवळ्या गवताने झाकलेला असतो आणि वारा खारट व थंड असतो.

माथ्यावरच्या दरवाजातून आत शिरून प्रवासी तटाजवळ उभा राहिला, म्हणजे त्याला किल्ल्याच्या जन्माचे कारण एका दृष्टिक्षेपात दिसते. पश्चिमेला क्षितिजापर्यंत पसरलेला समुद्र. पूर्वेला सह्याद्रीच्या रांगांकडून आलेली कुंडलिका. भिऱ्याच्या बाजूने डोंगर उतरून, कोलाड आणि रोहे यांना पाणी देत ती येथवर पोहोचते व शेवटी रुंद खाडी होऊन सागराला मिळते. उत्तरेला, खाडीच्या पलीकडच्या तीरावर, माडांच्या दाट झावळ्यांतून काळसर भिंतींचे तुकडे डोकावतात. तो रेवदंड्याचा कोट. त्याच्या पलीकडे चौल. आज तेथे शांत वाड्या आहेत, वाडीत पोफळी आहेत आणि रामेश्वराच्या पुष्करणीत आभाळाचे प्रतिबिंब आहे. परंतु एके काळी याच ठिकाणी पश्चिम भारतातील एक नामांकित बंदर गजबजलेले होते.

चौलचे नाव फार प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या व दुसऱ्या शतकांत ग्रीक भाषेत लिहिलेल्या प्रवासग्रंथांत आणि भूगोलग्रंथांत 'सेमिल्ला' अथवा 'सिमिल्ला' या नावाने त्याचा उल्लेख आला आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी हा अरब प्रवासी येथे येऊन गेला. अरब लोक या बंदराला 'सैमूर' म्हणत. कुंडलिकेचे मुख रुंद होते, आत शिरलेल्या गलबतांना वादळापासून आसरा मिळत होता, आणि खाडीच्या वरच्या अंगाने गेलेल्या वाटा सह्याद्रीचे घाट चढून थेट देशावरच्या बाजारपेठांना भिडत होत्या. घाटावरचा माल येथे उतरे आणि समुद्रापलीकडचा माल येथून घाटावर चढे. नदी, समुद्र आणि घाट या तिहींच्या मिलाफातून चौलची श्रीमंती जन्माला आली.

या बंदरातून देशावर जाणाऱ्या मालात एक गोष्ट फार मोलाची होती. ती म्हणजे घोडा. दख्खनच्या हवेत उत्तम जातीचे घोडे सहजी निपजत नसत. राजांना तर लढाईसाठी शेकडो घोडे लागत. त्यामुळे इराण व अरबस्तान या देशांतून घोडे गलबतांत घालून पश्चिम किनाऱ्यावर आणले जात. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून समुद्र ओलांडून चौल बंदरात उतरला. विकण्यासाठी त्याने सोबत एक घोडा आणला होता. येथून तो जुन्नर व बिदरपर्यंत गेला आणि आपल्या प्रवासाची हकीकत त्याने लिहून ठेवली. वास्को-द-गामा कालिकतला पोहोचण्याच्या सुमारे तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. या दूरच्या पाहुण्याची आठवण म्हणून रेवदंड्यात त्याचे स्मारक उभारलेले आहे.

पोर्तुगीज लोक भारताच्या किनाऱ्यावर आले तेव्हा चौलचे मोल त्यांच्या ध्यानी येण्यास वेळ लागला नाही. १५०८ मध्ये याच बंदराजवळ ईजिप्तच्या व गुजरातच्या आरमारांशी त्यांची मोठी लढाई झाली व तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा मारला गेला. पुढे १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने त्यांना खाडीच्या तीरावर कोट बांधण्याची परवानगी दिली. निजामशहाला घोडे हवे होते आणि पोर्तुगिजांना बंदर. दोघांची गरज एकमेकांना पटली आणि रेवदंड्याचा कोट उभा राहिला. त्या कोटात पोर्तुगिजांनी घरे, चर्चे व वखारी बांधल्या. 'सातखणी' या नावाने ओळखला जाणारा, आज वरचे मजले ढासळलेला उंच मनोरा त्याच वैभवाची खूण आहे. तेव्हापासून एका चौलची दोन चौले झाली. वरचे चौल निजामशाहीचे आणि खालचे, म्हणजे रेवदंड्याचे, पोर्तुगिजांचे.

आता कोर्लईच्या डोंगराचे महत्त्व सहज लक्षात येईल. बंदरात येणारे प्रत्येक गलबत या डोंगराच्या नजरेखालून आत शिरे. उंचावर ठेवलेल्या तोफेचा गोळा दूरवर जातो. उलट खालून जाणाऱ्या जहाजावरील तोफेला एवढ्या उंचावर मारा करणे कठीण पडते. म्हणजे ज्याच्या हाती डोंगर, त्याच्या हाती बंदराची किल्ली. ही गोष्ट पोर्तुगिजांना जशी कळत होती तशीच निजामशहालाही कळत होती. १५५३ मध्ये बुऱ्हाण निजामशहा मरण पावला. त्यानंतर पोर्तुगिजांनी त्याच्या वारसापाशी, हुसेन निजामशहापाशी, या डोंगरावर किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. हुसेनने त्यांच्या वकिलालाच अटकेत ठेवले आणि स्वतःच तेथे बांधकाम सुरू करविले. पोर्तुगीज आरमार धावून आले. अखेर दोघांपैकी कोणीही डोंगरावर किल्ला बांधू नये, असे ठरले. एक रिकामा डोंगर रिकामाच राहावा म्हणून दोन सत्तांनी तह करावा, यावरून त्याची योग्यता ओळखावी.

तो तह कायम टिकणारा नव्हता. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने पोर्तुगिजांच्या चौलला अनेक महिने वेढा घातला. पण शहर पडले नाही. पुढे वीस वर्षांनी दुसरा बुऱ्हाण निजामशहा गादीवर आला. केवळ जमिनीवरून वेढा घालून चौल हाती येणार नाही, हे मागील अनुभवाने कळले होते. म्हणून त्याने कोर्लईच्या डोंगरावर मजबूत किल्ला बांधला आणि तेथील तोफांनी बंदरात येणाऱ्या पोर्तुगीज गलबतांची वाट अडविली. रसद बंद झाली तर शहराला आपोआप शरण यावे लागेल, असा त्याचा हिशेब होता.

पोर्तुगिजांपुढे आता दोनच मार्ग उरले. उपासमार सोसावी, नाहीतर डोंगर जिंकावा. इतर ठाण्यांतून कुमक आल्यावर १५९४ च्या सप्टेंबर महिन्यात त्यांनी डोंगरावर हल्ला केला. निजामशाही सैनिक संख्येने पुष्कळ होते. परंतु अकस्मात आलेल्या हल्ल्याने ते मागे हटले. मागे हटणाऱ्यांना आत घेण्यासाठी दरवाजा उघडा ठेवावा लागला. पोर्तुगीज हकीकतींत अशी नोंद आहे की, नेमक्या त्याच वेळी एक घायाळ हत्ती दरवाजात अडला आणि दरवाजा लावून घेता येईना. त्या मुक्या जनावराला कोणाचा पक्ष माहीत नव्हता. तो वेदनेने व्याकूळ होऊन उभा होता. पण त्या काही क्षणांत शत्रू आत शिरला. एकामागून एक दरवाजे पडत गेले आणि सूर्य मावळण्यापूर्वी किल्ल्याचा धनी बदलला.

किल्ला जिंकल्यावर पोर्तुगिजांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. एवढा लांबलचक किल्ला राखण्याइतकी माणसे त्यांच्यापाशी नव्हती. म्हणून त्यांनी बांधकामाचा बराच भाग पाडून टाकला आणि माथ्यावरचा बालेकिल्ला व पाण्याकाठचा तोफांचा मोर्चा तेवढा राखला. पुढे सतराव्या शतकात त्यांनी तेथे आणखी बांधकाम केले. आज दिसणारा किल्ला बहुतांशी त्या काळचा आहे.

या किल्ल्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. डोंगराची धार लांब परंतु अतिशय अरुंद असल्यामुळे किल्लाही तसाच झाला. त्याची लांबी साडेआठशे मीटरांच्या आसपास असून सरासरी रुंदी तीस मीटरही भरत नाही. अशा किल्ल्यात शत्रू एका टोकाने शिरला तर सरळ दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाईल, ही भीती होती. यासाठी बांधणाऱ्यांनी आडव्या भिंती घालून किल्ल्याचे निरनिराळे भाग पाडले आणि प्रत्येक भिंतीत एक दरवाजा ठेवला. एक भाग पडला तरी पुढचा भाग लढू शकत असे. मोठ्या जहाजाच्या तळाशी वेगवेगळे कप्पे करतात. एका कप्प्यात पाणी शिरले तरी सारे जहाज बुडत नाही. कोर्लईच्या आडव्या भिंतींमागे हीच युक्ती आहे. म्हणूनच या लहान किल्ल्यात पाहुण्याला पुन्हा पुन्हा दरवाजे ओलांडावे लागतात.

बालेकिल्ल्यात छप्पर उडालेले एक चर्च आहे. त्याच्या उंच भिंती अजून उभ्या असून रिकाम्या खिडक्यांतून निळे आभाळ दिसते. जवळच पावसाचे पाणी साठविण्याचे टाके आहे. तिन्ही बाजूंना पाणीच पाणी असूनही त्यातला एक थेंब पिण्याजोगा नाही, अशा ठिकाणी हे टाके म्हणजे किल्ल्याचा प्राण होय. तोफा कितीही मोठ्या असल्या तरी टाके आटले की किल्ला संपला. चर्चपासून थोड्याच अंतरावर महादेवाचे लहानसे देऊळ आणि तुळशीवृंदावन आहे. एका बाजूला क्रूसाची खूण, दुसऱ्या बाजूला शिवलिंग आणि तटावर गंजत पडलेल्या तोफा. एकाच जागी राहून गेलेल्या माणसांच्या या निरनिराळ्या खुणा पाहताना काळ एखाद्या पुस्तकाच्या पानांसारखा उलगडत जातो.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात वरचे चौल स्वराज्यात आले. परंतु रेवदंडा व कोर्लई पोर्तुगिजांकडेच राहिले. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने चौलला वेढा घालून पोर्तुगिजांना जेरीस आणले. पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा प्रचंड किल्ला जिंकला आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. वसई गेल्यावर चौलचा निभाव लागणे शक्य नव्हते. १७४० मध्ये तह होऊन रेवदंडा व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाले. पोर्तुगिजांनी बुरुजांना आपल्या संतांची नावे दिली होती. मराठ्यांनी ती बदलली. सान फ्रान्सिस्को बुरूज गणेश बुरूज झाला. त्यानंतर १८१८ मध्ये मराठी राज्याचा अंत झाल्यावर हा प्रदेश इंग्रजांच्या वर्चस्वाखाली आला आणि कोर्लईच्या तोफा कायमच्या मुक्या झाल्या.

परंतु खरे पाहता किल्ल्याचे काम त्याआधीच संपत आले होते. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचा इंग्लंडच्या राजाशी विवाह ठरला आणि त्या वेळच्या करारान्वये मुंबई बेट इंग्रजांना मिळाले. मुंबईचे बंदर खोल, सुरक्षित आणि मोठ्या जहाजांना सोयीचे होते. व्यापार हळूहळू तिकडे वळला. रेशमी वस्त्रांसाठी नावाजलेल्या चौलच्या विणकरांपैकी अनेक कुटुंबे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईस जाऊन राहिली. इकडे कुंडलिकेची खाडी गाळाने उथळ होत चालली. कोणत्याही सेनापतीला जे साधले नाही, ते नदीच्या गाळाने आणि व्यापाऱ्यांच्या पावलांनी केले. चौल न लढता ओस पडले. पहारेकरी आपल्या जागी उभाच होता. मात्र ज्या तिजोरीची तो राखण करीत होता, ती रिकामी झाली होती.

येथेच ही कथा संपावयास हवी होती. पण किल्ला उतरून कोर्लई गावात परतलेल्या प्रवाशाच्या कानांवर कधी कधी असे काही शब्द पडतात, की तो थबकून उभा राहतो. गावातील ख्रिस्ती वस्तीत वृद्ध स्त्री-पुरुष आपापसांत बोलत असतात. ती भाषा मराठी नसते, कोकणीही नसते आणि इंग्रजीही नसते. गावकरी तिला 'नॉ लिंग' म्हणतात. 'नोसा लिंग्वा' म्हणजे 'आपली भाषा', या पोर्तुगीज शब्दांचे हे बदललेले रूप आहे.

ही भाषा कशी जन्मली? सोळाव्या शतकात चौलच्या कोटात पोर्तुगीज शिपाई व खलाशी राहत होते. त्यांच्यातील अनेकांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह केले. घरांत आणि वखारींत स्थानिक माणसे काम करीत होती. एकमेकांची भाषा पुरती येत नव्हती आणि व्यवहार तर रोजचाच होता. अशा वेळी माणसे दोन्ही भाषांतून सोयीचे ते उचलतात आणि तिसरीच भाषा घडवितात. त्यांची मुले तीच बोली मायबोली म्हणून शिकतात. कोर्लईच्या बोलीत बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत. परंतु तिची वाक्ये काळाच्या ओघात मराठीच्या वळणावर गेली. पोर्तुगीज भाषेत क्रियापद सामान्यतः कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊन बसले आहे. शब्दांनी समुद्रापलीकडचा वेश घातला असला, तरी त्यांची चाल कोकणातली आहे. भाषाशास्त्रज्ञांनी या बोलीचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे, जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाचा तिच्यावरील ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

पोर्तुगीज राज्य १७४० मध्ये गेले. त्या राज्याचे अधिकारी गेले, आरमार गेले, वखारी कोसळल्या. बोली मात्र पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकली. याचे कारण असे की, गावातील ख्रिस्ती कुटुंबे एकत्र राहिली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पाठीशी डोंगर, अशा आडबाजूच्या गावात बाहेरची वर्दळ थोडी होती. त्यांची सोयरीक आपसांत होत असे, चर्चमधील प्रार्थनेत पोर्तुगीज भाषेशी संबंध राहिला होता आणि चुलीपाशी आया मुलांशी हीच बोली बोलत होत्या. तिचे रक्षण कोणत्याही बुरुजाने केले नाही. ते घराघरांतील माणसांनी केले.

पोर्तुगीज भाषेचा असा वारसा केवळ कोर्लईतच उरला आहे, असे मात्र नाही. पाव, बटाटा, अननस, काजू, कोबी, चावी, बादली, पगार हे शब्द मराठी घरांत दररोज उच्चारले जातात. ते सारे पोर्तुगिजांबरोबर आलेले आहेत. त्यांना आज कोणी परके मानीत नाही. राज्ये तलवारीच्या जोरावर येतात आणि तलवारीच्या जोरावरच जातात. पण स्वयंपाकघरात एकदा शिरलेला शब्द सहसा बाहेर पडत नाही.

तथापि कोर्लईची बोली आज संकटात आहे. ती बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास, किंबहुना त्याहूनही कमी असल्याचे मानले जाते. खाडीवर पूल झाला, रस्ता आला, शाळेत मराठी आली, नोकरीसाठी तरुण मुंबईस जाऊ लागले. हे सारे चांगलेच झाले. शिक्षणावाचून व दळणवळणावाचून गावाने अडून राहावे, असे कोण म्हणेल? परंतु त्याबरोबरच घरात जुनी बोली बोलणे कमी होत गेले. काही मुलांना ती समजते, पण बोलता येत नाही. जी भाषा आजीला येते आणि नातवाला येत नाही, ती भाषा दरवाजात अडलेल्या त्या हत्तीप्रमाणे दोन्ही बाजूंच्या मध्ये उभी असते. पडलेला बुरूज जुन्या चित्रांवरून पुन्हा बांधता येतो. बोलणारे शेवटचे माणूस निघून गेल्यावर मुकी झालेली बोली पूर्वीसारखी पुन्हा बोलविता येत नाही.

कोर्लईस जाणाऱ्या प्रवाशाने म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गडावरच्या भिंतींवर अनेकांनी कोळशाने व टोकदार दगडांनी आपापली नावे लिहून ठेवली आहेत. ज्या भिंतींना तोफांचे गोळे पाडू शकले नाहीत, त्यांना अशा हौसेने विद्रूप करणे शोभणारे नाही. ज्यांनी त्या बांधल्या, त्या शेकडो पाथरवटांनी त्यांवर आपले नाव कोरले नाही, हे आठवले तरी हातातला दगड आपोआप गळून पडेल. दुसरी गोष्ट अशी की, गड पाहून लगेच परतू नये. खाली गावात थोडे थांबावे. एखाद्या वृद्धाला नमस्कार करून, त्याच्या सवडीने, त्याच्या बोलीतले दोन शब्द विचारावेत. पाण्याला काय म्हणता, घराला काय म्हणता, एवढे विचारले तरी पुरे. आपल्या भाषेविषयी कोणी आदराने विचारले, म्हणजे माणसाला ती अधिक मोलाची वाटू लागते आणि कदाचित त्याच संध्याकाळी तो आपल्या नातवाशी त्या भाषेत चार शब्द अधिक बोलतो.

सायंकाळी सूर्य समुद्रात उतरू लागला की कोर्लईच्या तटाची लांब सावली खाडीच्या पाण्यावर पडते. मासेमारीस गेलेल्या होड्या किनाऱ्याकडे परतू लागतात. आता त्यांना कोणी हटकत नाही, कोणी परवाना मागत नाही. थोड्याच वेळात दीपस्तंभाचा दिवा लागतो. एके काळी या डोंगरावरून गलबतांची वाट अडविली जात होती. आज त्याच डोंगराच्या पायथ्याचा प्रकाश गलबतांना वाट दाखवितो. खाली गावात चुली पेटतात, हाका ऐकू येतात आणि त्या हाकांमध्ये अजून काही हाका त्या जुन्या बोलीतल्या असतात.

डोंगरावरचा पहारेकरी म्हातारा झाला आहे. त्याच्या ओटीत आता घोडे नाहीत, रेशीम नाही, सोनेही नाही. परंतु त्याच्या पायथ्याशी चार-पाच शतकांचा एक ठेवा अजून जिवंत आहे. त्याची राखण करणे मात्र कोणत्याही किल्ल्याच्या हाती नाही. ते माणसांच्याच मुखी आहे.